रक्तातील कर्कपेशींचा शोध : पकडीकडून सुटकेकडे

१८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील वैद्य थॉमस अ‍ॅशवर्थ यांना कर्करोगाने मृत झालेल्या रुग्णाच्या रक्तात अर्बुदातील पेशींसारख्याच पेशी आढळल्या. कोट्यवधी रक्तपेशींमागे अशी एखादीच असल्याने ती वेगळी करणे दीर्घकाळ दुष्कर ठरले. २००७ मध्ये बोस्टन येथे मेहमेट टोनर व सहकाऱ्यांनी ७८,००० सूक्ष्मस्तंभांची सिलिकॉन चिप सिद्ध केली. स्तंभांवरील प्रतिपिंडे पेशीपृष्ठावरील 'एपकॅम' प्रथिनास पकडत. मोजणी साधली, परंतु घट्ट चिकटलेली पेशी जिवंत सोडवून तिचे विश्लेषण करणे कठीणच राहिले. या दृष्टीने २०१७ मधील सुवर्ण-नॅनोकणांचा प्रयोग अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. सोन्याची निवड अर्थातच शोभेसाठी नव्हती : सुवर्ण-गंधक बंध ग्लुटाथायोनच्या योगे सैल होतो आणि पेशी बहुतांशी जिवंत हाती येते. 'एपकॅम' गमावलेल्या पेशी मात्र या पकडीतूनही निसटतात.