प्रवरेकाठी एक दिवस : जिथे पाहण्यासारखे काहीच नाही

अहिल्यानगर, म्हणजे परवापरवापर्यंतचे अहमदनगर, या जिल्ह्यात इतिहासाच्या ओढीने जाणारा माणूस बहुधा भुईकोट किल्ला पाहतो, चांदबीबी महाल म्हणून प्रसिद्ध असलेली सलाबतखानाची कबर पाहतो, फार तर भंडारदऱ्याच्या वाटेने रतनवाडीच्या अमृतेश्वरापर्यंत जातो. ही सारी स्थळे पाहावीतच. परंतु या जिल्ह्याने भारतीय पुरातत्त्वाला जे दिले, ते यांपैकी कुठेही नाही. ते प्रवरा नदीच्या काठी, उसाच्या फडांमध्ये, मातीच्या तीन टेकाडांत आहे : जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे. गाडी स्वतःची असो की भाड्याची, ही तिन्ही स्थळे एका दिवसात होतात. आजचा धागा त्या दिवसाविषयी आहे.

आधीच सांगून टाकलेले बरे : तेथे तिकीटघर नाही, वाटाड्या नाही आणि डोळे दिपावेत असे काही नाही. दायमाबादला गेलेले कित्येक जण ‘एवढेच?’ म्हणून परततात. दोष स्थळाचा नाही. लेणे किंवा किल्ला स्वतःहून बोलतो; टेकाड बोलत नाही. त्यामुळे येथे अभ्यास आधी आणि प्रवास नंतर, हा क्रम उलटवता येत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात एखादा तास घालवून ताम्रपाषाणयुगीन भांडी नीट पाहून ठेवली, तर प्रवरेकाठी पायाखाली काय आहे ते ओळखू येते.

एक शब्दही सोबत न्यावा, तो म्हणजे ‘पांढरी’. आपल्या खेड्यांत शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. माणसे शतकानुशतके एका जागी राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडे, खापरे असे सारे एकावर एक साचत जाते आणि जमीन राखट, भुसभुशीत होते. पुरातत्त्वज्ञ ज्याला वसाहतीचे टेकाड म्हणतात, ते आपल्या शेतकऱ्याने कधीच रंगावरून ओळखून ठेवले होते. दुर्दैव असे की, ही पांढरी माती शेताला चांगली. महाराष्ट्रातली किती टेकाडे गाड्या भरभरून काळीत पसरली गेली, याची मोजदाद कुणीच ठेवलेली नाही.

सकाळी संगमनेरहून निघावे. पूर्वेला थोड्याच अंतरावर प्रवरेच्या काठी जोर्वे आहे. १९५०-५१ मध्ये हसमुख धीरजलाल सांकळिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी येथे लहानसे उत्खनन केले. तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी, एक बांगडी आणि एक विशिष्ट प्रकारची भांडी मिळाली. उत्खनन लहान, पण त्याने एका संस्कृतीला नाव दिले. त्यानंतर महाराष्ट्रात तापीच्या खोऱ्यापासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत जेथे जेथे तशी भांडी सापडली, तेथे तेथे ‘जोर्वे संस्कृती’ हेच नाव लागले. सिंधू संस्कृतीला हडप्पाचे नाव मिळाले तसेच हे. फरक इतकाच की हडप्पा शाळेच्या पुस्तकात असते आणि जोर्वे बहुधा एका ओळीत आटोपते.

ही भांडी ओळखणे अवघड नाही. चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, लाल किंवा नारिंगी अंगाची आणि त्यावर काळ्या रंगात आडव्यातिडव्या रेषांची भूमितीय नक्षी. खापरावर बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. तोटीचे भांडे आणि कडेला ठळक कंगोरा असलेला वाडगा या या कुंभारांच्या खास घडणी. काळ साधारण इ. स. पू. १४०० ते १०००. म्हणजे सातवाहनांच्या आधी हजारएक वर्षे. महाराष्ट्रात लेखनही नव्हते आणि नाणीही नव्हती. तरीही गावे होती, बार्लीची शेते होती, गाईगुरे होती.

जोर्व्यात फार वेळ लागत नाही. तेथून लोणी, कोल्हार, श्रीरामपूर असे नदीच्या प्रवाहाबरोबर खाली सरकत दुपारपर्यंत दायमाबाद गाठावे. वाटेत लोणीला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आहे. हा सारा मुलूख पाटाच्या पाण्यावरचा ऊस आहे, आणि ऊस म्हणजे सपाट केलेली जमीन. टेकाडांचे काय झाले, याचे अर्धे उत्तर या रस्त्यावरच मिळते.

दायमाबाद हे श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेच्या डाव्या तीरावरचे उजाड गाव. नाव उरले आहे, वस्ती नाही. १९५८ मध्ये बोपर्डीकरांनी हे स्थळ शोधले. त्यानंतर येथे तीनदा उत्खनन झाले : १९५८-५९ मध्ये मधुसूदन नरहर देशपांडे, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात एस. ए. साळी यांच्या नेतृत्वाखाली. पाच मीटरांहून जाड थरांमध्ये एकामागून एक पाच संस्कृती निघाल्या : सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. साधारण इ. स. पू. २२०० पासून इ. स. पू. १००० पर्यंतचा, म्हणजे हजारबाराशे वर्षांचा हा पट आहे. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा आणि खापरे मिळाली. सिंधूच्या खोऱ्यातली ती चिन्हे प्रवरेच्या काठी कुणीतरी कोरली होती, हे टेकाडावर उभे राहून आठवावे; ऊन थोडे सुसह्य होते.

आता दायमाबादची जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते, ती. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल या स्थानिक शेतकऱ्याला एका झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझची चार शिल्पे सापडली. एक बैलजोडीचा रथ, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. त्यात उभा असलेला, १६ सेंटिमीटर उंचीचा सारथी आणि रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा. दुसरी ३१ सेंटिमीटर उंचीची रानम्हैस, तिसरा २५ सेंटिमीटर उंचीचा हत्ती, चौथा १९ सेंटिमीटर उंचीचा गेंडा. चारही भरीव ओतकामाची; सर्वांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. त्या काळी तांबे किती दुर्मीळ होते, हे जोर्व्याच्या सहा कुऱ्हाडी पाहिल्यावर लक्षात येते. अशा काळात एवढा धातू चार शिल्पांसाठी वापरणारा कुणीतरी होता. ही शिल्पे आज दायमाबादेत नाहीत, जिल्ह्यातही नाहीत. मोठ्या शहरांच्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. ती ज्याच्या हाती प्रथम लागली, त्याचे नाव मात्र पुरातत्त्वाच्या पुस्तकांत नोंदले गेले, ही समाधानाची गोष्ट.

परंतु मित्रहो, या शिल्पांचा काळ कोणता, याचे एकमुखी उत्तर आजही नाही. देशपांडे, राव, साळी आणि मधुकर केशव ढवळीकर या अभ्यासकांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली. डी. पी. अग्रवालांनी धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले : शिल्पांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, आणि या भागातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे आर्सेनिकमिश्रित तांबे आढळत नाही; तेव्हा ती बऱ्याच नंतरची, अगदी ऐतिहासिक काळातलीही असू शकतील. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी वाचले आहे. माझा कल पहिल्या मताकडे आहे, कारण त्याच टेकाडात उत्तर हडप्पा वस्तीचा भरभक्कम पुरावा आहे. पण तो कलच, निकाल नव्हे.

वाद का मिटत नाही, ते समजून घेण्यासारखे आहे. शिल्पांत लाकूड नाही, कोळसा नाही, म्हणजे कार्बन-१४ पद्धतीने त्यांचे वय थेट काढता येत नाही. मग उरतो एकच साक्षीदार : ती ज्या थरात होती तो थर. त्या थरात सोबत कोणती खापरे होती, वरचा थर अखंड होता की कुणी नंतर खड्डा करून शिल्पे पुरली होती, माती कोणत्या रंगाची होती, हे सारे शिल्पे बाहेर निघाली त्या क्षणी पुसले गेले. पुरातत्त्वज्ञ पोचले तोवर ती जागेवर नव्हती. यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही. तो झुडपाचे मूळ काढत होता. पण याच टेकाडातले नखाएवढे खापर, थराची नोंद होऊन निघालेले, आपला काळ बिनबोभाट सांगते. आणि जिल्ह्यातला सर्वांत मोठा शोध मात्र अजून वादात आहे.

म्हणूनच या सहलीचा एक नियम मी कडक मानतो : काहीही उचलायचे नाही. पावसाळ्यानंतर टेकाडाच्या उतारांवर नक्षीदार खापरे उघडी पडलेली असतात आणि हात शिवशिवतो, हे मान्य. ‘पृष्ठभागावरचे खापर तर आधीच थरातून सुटलेले, ते नेले तर काय बिघडले?’ हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो. बिघडते ते असे. अशा टेकाडाचा पहिला सुगावा पृष्ठभागावरच्या खापरांवरूनच लागतो. कोणत्या काळात वस्ती केवढी पसरली होती, हे बहुतेक वेळा कोणती खापरे कुठपर्यंत विखुरली आहेत यावरून अजमावतात; टेकाड सबंध खणणे कुणालाच शक्य नसते. उतारावर अचानक नवी खापरे दिसू लागली, तर वरचा थर ढासळतो आहे, हेही त्यावरूनच कळते. दर रविवारी दहा जणांनी ‘आठवण म्हणून’ एकेक चांगला तुकडा नेला, तर काही वर्षांत नक्षीची खापरे संपतील, साधी उरतील आणि पुढचा सर्वेक्षक येथे जोर्वे काळाची वस्ती नव्हतीच असा निष्कर्ष काढील.

कायदाही आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित स्थळांना १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा लागू होतो. पण खरे सांगायचे तर उसातल्या टेकाडावर कायदा राखायला कुणी उभे नसते. उभे असतो आपणच. खापराचे छायाचित्र घ्यावे, शेजारी नाणे ठेवावे म्हणजे आकार कळतो, आणि ते होते तसे राहू द्यावे. एखादे दफन किंवा अखंड मडके उघडे पडलेले दिसले तर पुरातत्त्व खात्याला कळवावे. त्या जागेचा नकाशा जगासमोर टाकू नये. शेतातून जायचे असेल तर आधी राम राम घालून विचारावे. जमीन कुणाची तरी आहे, आणि त्या टेकाडाविषयी गावकऱ्याला जे ठाऊक असते ते उत्खननाच्या अहवालात सापडेलच असे नाही.

दुपार कलली की नेवासे. ते मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण रिकाम्या टेकाडांची सवय झालेल्या डोळ्यांना तेथे अचानक सर्वच काळ एकत्र भेटतात. सांकळिया, देव आणि सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात लाडमोड नावाच्या टेकाडावर उत्खनन केले आणि १९६० मध्ये त्याचा अहवाल आला. ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक मला फार नेमके वाटते, कारण उत्खनक नेहमी असाच चालतो : वरून खाली, जवळच्या काळाकडून दूरच्या काळाकडे. वर मराठा आणि मुसलमानी काळ, त्याखाली रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा, मग सातवाहन, मग ताम्रपाषाणयुग. नदीकाठच्या गाळात आणि गोट्यांच्या थरांत त्याहूनही जुनी दगडी हत्यारे.

या हत्यारांनी नेवाशाचे नाव देशाच्या प्रागितिहासात कायमचे गुंफले. अकीक, जास्पर अशा गुळगुळीत दगडांच्या छिलक्यांची तासण्या आणि अणकुचीदार हत्यारे सांकळियांना येथे मिळाली. मध्य पुराश्मयुगाच्या या हत्यारांना त्यांनी गावावरूनच नाव दिले. जवळच चिरकी नाल्याच्या परिसरात जर्मन संशोधिका गुड्रून कॉर्व्हिनस यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्खनन केले आणि त्याहून प्राचीन, ओबडधोबड हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या.

ताम्रपाषाणयुगीन नेवाशात घराच्या जमिनीखाली मुलांना पुरलेले आढळते : दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत लहानगे. गावाबाहेर नव्हे, घरातच. कारणाविषयी तर्क पुष्कळ आहेत. मी त्यांत पडत नाही. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या क्षारांमुळे तिचा दोरा तीन हजार वर्षांहून अधिक काळ टिकला, आणि तपासणीत त्यात कापसासोबत रेशमाचे तंतू निघाले. ही माळ कुणी आधीच काढून खिशात घातली असती, तर तो दोरा कुणी तपासला असता?

लाडमोडहून पैस खांबाकडे जावे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती या खांबाला टेकून, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. खांबावर करवीरेश्वर देवाला दिलेल्या दानाचा कोरीव लेख आहे. मूळचे देऊळ गेले, खांब राहिला. तो आपल्या जागेवर राहिला म्हणूनच लोकांना त्याच्याभोवती सातशे वर्षे आठवण जपता आली.

उजेड शिल्लक असेल तर प्रवरासंगमापर्यंत जाता येते. तेथे प्रवरा गोदावरीला मिळते. पलीकडे टोक्याची देवळे आणि जवळच छत्रपती संभाजीनगरचा हमरस्ता. जायचे तर हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात काळी माती बुटाला शेरभर चिकटते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी टेकाडावर सावली देणारे एकही झाड नसते. पाणी सोबत असू द्यावे, आणि परतताना खिसे रिकामे.