सगळ्यांनीं निघून जावें!

राज्यकर्त्यांवरील विश्वास उडाला म्हणजे लोक एका पक्षास सोडून दुसऱ्यास जवळ करितात, हा लोकशाहीचा नित्याचा अनुभव आहे. परंतु सर्वच पक्षांवरील विश्वास एकदम उडाला तर काय होतें, याचा धडा दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिनाच्या इतिहासांत सांपडतो. २००१ च्या डिसेंबरांत राजधानी ब्वेनोस आयरेसच्या रस्त्यांवर एकच घोषणा दुमदुमत होती: ‘सगळ्यांनीं निघून जावें!’

हा देश मुळांत दरिद्री नव्हे. पहिल्या महायुद्धापूर्वीं गहूं व गोमांस यांच्या निर्यातीवर तो जगांतील अत्यंत संपन्न राष्ट्रांत गणला जात असे. पुढें वारंवार लष्करी राजवटी आल्या, सरकारें जमेहून खर्च अधिक करीत राहिलीं, आणि १९८९ सालीं महागाई वर्षाला तीन हजार टक्क्यांच्या वर गेली. १९९१ सालीं राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम व अर्थमंत्री दोमिंगो काव्हालो यांनीं कायदा करून एका पेसोची किंमत एक डॉलर ठरविली. महागाई थांबली. गांजलेल्या मध्यमवर्गास हा कायदा म्हणजे प्रसादच वाटला. भरंवशानें त्यानें घरांसाठीं डॉलरांत कर्जें काढलीं.

या स्थैर्याची किंमत मात्र पडद्याआड वाढत होती. नोटा छापून तूट भरण्याचा मार्ग बंद झाल्यावर सरकारनें ती आधीं सरकारी कंपन्या विकून व मग कर्जें काढून भागविली. १९९९ च्या आरंभीं शेजारच्या ब्राझीलचें चलन घसरलें, अर्जेंटिनाचा माल महाग ठरला, बेकारी वाढली. त्याच वर्षीं फेर्नांदो दे ला रुआ यांनीं ‘एकास एक’ हा दर राखण्याचें वचन दिलें व ते राष्ट्राध्यक्ष झाले. पुढाऱ्यांनीं सत्य सांगितलें नाहीं हें खरें. पण सांगणाऱ्यास लोकांनीं निवडून दिलें असतें काय, हाहि प्रश्न विचारलाच पाहिजे.

२००१ सालीं बड्या धनिकांनीं आपला पैसा परदेशीं हलविला. डिसेंबरच्या आरंभीं सरकारनें ठेवी गोठविल्या. आठवड्यास अडीचशें पेसोंहून अधिक रोख रक्कम काढण्याची मनाई झाली. लोकांनीं या हुकुमास ‘छोटा कोंडवाडा’ असें नांव दिलें. त्यांत कोंडला गेला तो लहान ठेवीदार. ता. १९ च्या रात्रीं माणसें पातेलीं बडवीत घराबाहेर पडलीं. दुसऱ्या दिवशीं राष्ट्राध्यक्ष राजीनामा देऊन हेलिकॉप्टरानें निघून गेले. त्या दंगलींत तिसांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. पंधरवड्याच्या आंत राष्ट्राध्यक्षपदाचा भार पांच जणांच्या हातांतून गेला. सरकारी कर्ज फेडणें थांबविल्याची घोषणा झाली, तेव्हां कायदेमंडळांत टाळ्या पडल्या! जानेवारींत ‘एकास एक’ संपलें. डॉलरांतील ठेवी सक्तीनें पेसोंत बदलण्यांत आल्या. आणि २००२ च्या अखेरीस निम्म्याहून अधिक प्रजा दारिद्र्यांत होती.

मग सगळे निघून गेले काय? एप्रिल २००३ च्या निवडणुकीच्या पहिल्या फेरींत सर्वांत अधिक मतें मिळालीं तीं मेनेम यांनाच! पराभव दिसूं लागतांच दुसऱ्या फेरींतून त्यांनीं माघार घेतली, व बावीस टक्के मतांवर नेस्तोर किर्चनेर राष्ट्राध्यक्ष झाले. तेहि त्याच पेरॉनवादी पक्षाचे. १९९१ पासून एका प्रांताचे गव्हर्नर.

लोकांचा क्रोध न्याय्य होता, याविषयीं दुमत होणार नाहीं. आयुष्यभराची पुंजी बुडालेल्या वृद्धास संयमाचा उपदेश करणें ही क्रूरताच होय. परंतु ‘सगळे चोर’ असें म्हटलें कीं कोणा एकाचा गुन्हा वेगळा काढून त्याचा जाब घेण्याचें कष्टाचें काम राहून जातें, आणि त्या गर्दींत खरा अपराधी सुखानें लपतो. कर्ज कोणीं काढलें, कोणत्या अटींवर काढलें व तें कोणाच्या पदरांत पडलें, हे तीन प्रश्न भरभराटीच्या दिवसांत विचारावयाचे असतात. तेव्हां ते न विचारतां आपणहि त्या सुखाचे वांटेकरी होतों. आणि पातेलीं बडविण्याची वेळ येते, तेव्हां घरांतलें धान्य संपलेलें असतें.