ओट्यावरची भट्टी

मराठीत या उपकरणाला रोजच्या वापरातला एकच शब्द उरला आहे : हातभट्टी. तो कानावर पडला की नदीकाठची झुडपं, काळ्या गुळाचा वास आणि पोलिसांनी उपडी केलेली पिंपं डोळ्यांसमोर येतात. शाळेच्या पुस्तकात त्याच क्रियेला ‘ऊर्ध्वपातन’ म्हणतात आणि ती काचेच्या चंबूत होते. गुन्हा आणि प्रयोगशाळा यांच्या मधे वैद्य, अत्तरवाले, गवताचं तेल काढणारे अशा लोकांचं एक जग होतं. त्याला आता आपल्याकडे नाव नाही. कनौजचे अत्तरवाले अजूनही ‘देग-भपका’ म्हणतात. देग म्हणजे तापवायचा हंडा, भपका म्हणजे वाफ थंड होऊन जमा होते ते भांडं. आपल्याला भपका आठवतो तो लग्नातला.

गगनबावड्यात माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आठ लिटरचं तांब्याचं पातनयंत्र आहे. त्यात मी गवती चहाचं तेल काढतो. यंत्रासोबत आलेल्या पत्रकात भांडं घासायचं कसं एवढंच लिहिलं होतं. ते सुरक्षितपणे आणि इंधन वाया न घालवता चालवायचं कसं, याची चांगली उत्तरं मला जुन्या पुस्तकांत सापडली.

तेराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात यंत्रांसाठी एक सबंध अध्याय आहे. त्यातलं तिर्यक्‌पातन यंत्र म्हणजे दोन घट आणि त्यांना जोडणारी तिरकी नळी. एका घटाखाली जाळ, दुसऱ्यात थंड पाणी. सांधे मातीने लिंपायचे. रसशास्त्रात या लिंपणाला संधिबंधन असं स्वतंत्र नावच आहे, आणि ते असायलाच हवं होतं, कारण त्या घटात पारा असे. पाऱ्याची वाफ सांध्यातून निसटली तर वैद्याचंच आयुष्य कमी व्हायचं.

पण मातीच्या सांध्याचा दुसरा गुण इंजिनिअरच्या नजरेला लगेच दिसतो. तो वाफ अडवतो, पण दाब सोसत नाही. नळी तुंबली तर भांडं फुटायच्या आधी माती सुटते. म्हणजे लिंपण हाच सेफ्टी व्हॉल्व्ह. मी माझ्या झाकणाला कणकेचा लेप लावतो, स्क्रू आणि क्लॅम्प काढून ठेवले आहेत. इंटरनेटवर प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवून तेल काढण्याचे व्हिडिओ आहेत. ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. तिथलं भोक बारीक, गवताचा एक तुकडा अडकला की बंद, आणि झाकण मात्र घट्ट. पातनयंत्र चालताना वाफेची वाट कायम उघडी हवी, त्यात दाब साठताच कामा नये. कुकरची सगळी रचना नेमकी याच्या उलट हेतूने केलेली असते.

मोठ्या प्रमाणावर हे काम महाराष्ट्रात कुठे चालायचं, तर खानदेशात. रोशा गवत सातपुड्याच्या आणि आसपासच्या डोंगरांवर आपोआप उगवतं. त्याच्या तेलाला इंग्रजीत पामारोझा म्हणतात. १८८० साली निघालेल्या खानदेश गॅझेटिअरमध्ये या तेलाच्या धंद्याची नोंद आहे. पावसाळा संपता संपता गवत फुलावर आलं की ओढ्याच्या काठी भट्ट्या लागत. मोठ्या हंड्यात गवत आणि पाणी, झाकणातून निघालेली बांबूची नळी, आणि तिचं टोक तांब्याच्या भांड्यात. ते भांडं वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेलं. तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात जाई. तिथे त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत, लिंबाच्या रसाचं पाणी आणि ऊन देऊन त्याचा रंग फिका करत आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळत. युरोपातल्या श्रीमंत बायांच्या रुमालावर गुलाब म्हणून नंदुरबारकडचं गवत दरवळत असे. या गवताचं शास्त्रीय नावही गमतीचं आहे. त्यातलं ‘मार्टिनी’ लखनौच्या क्लॉड मार्टिनवरून आलं, कारण त्या जनरलने याचं बी लखनौला नेऊन लावलं.

या भट्ट्या ओढ्याच्या काठीच का? गवत डोंगरावर, लाकूड डोंगरावर, मग सगळं खाली ओढ्यापर्यंत वाहून का आणायचं? मी हा हिशोब करून पाहिला. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. ही अप्रकट उष्मा वाफेचं परत पाणी होताना पूर्ण बाहेर पडते, शिवाय ते पाणी हाताला सोसेल इतकं निवायला हवं. म्हणजे लिटरमागे साधारण २५०० किलोज्यूल दुसऱ्या पाण्याने शोषून घ्यायचे. ते पाणी २० अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तरी एक लिटर अर्क थंड करायला ३० लिटर पाणी लागतं. गवत आणि लाकूड डोक्यावरून आणता येतं. तीसपट पाणी डोंगरावर चढवता येत नाही.

माझ्या ओट्यावरही खरी अडचण हीच आहे. शेगडीतून हंड्याला प्रत्यक्ष मिळणारी उष्णता एक किलोवॅट धरली तर तासाला दीड लिटरच्या आसपास वाफ होते. म्हणजे तासाला ४५ लिटर पाणी, आणि तेही गार. मे महिन्यात टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं, तेव्हा मी यंत्र काढतच नाही. जून ते सप्टेंबर मात्र गगनबावड्यासारखी जागा नाही. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस इथे पडतो, पागोळ्यांचं पाणी पिंपात साठतं, मत्स्यालयाचा छोटा पंप ते कंडेन्सरमधून फिरवतो. पाणी खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे सर्वांत गार पाणी सर्वांत निवलेल्या वाफेला भेटतं आणि नळीत हवेचा बुडबुडा राहत नाही. बाहेर पडणारा अर्क हाताला कोमट लागला की पंप वाढवण्याआधी मी आच कमी करतो. जास्त आचेने तेल जास्त निघत नाही, थंड न झालेली वाफ त्यातलं थोडं घेऊन उडून मात्र जाते.

आच मंद पुरते याचं कारणही सुंदर आहे. गवती चहाच्या तेलातलं सिट्रल एकटं तापवलं तर २२९ अंशांना उकळतं. पाण्यासोबत मात्र दोघांच्या वाफेचे दाब एकमेकांत मिळवले जातात आणि मिश्रण पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या किंचित खालीच उकळू लागतं. घाटमाथ्याच्या उंचीवर पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. किलोभर ताज्या पातीतून तीन-चार मिली तेल हाती येतं, त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासात. पुढे नुसता गॅस जळतो. पाती पाण्यात न बुडवता जाळीवर ठेवायची, वर एक तृतीयांश जागा रिकामी सोडायची, तळ कोरडा पडण्याआधी जाळ बंद. तेल काढून घेतल्यावर खाली राहिलेलं सुवासिक पाणी मी पुढच्या खेपेला परत हंड्यात ओततो, कारण त्यात थोडं तेल विरघळलेलं असतं.

एवढं साधं ज्ञान घराघरांतून गेलं कसं? रोशाच्या तेलावर कोणी बंदी घातली नव्हती. पण त्याच आकाराच्या भांड्यातून मोहाची दारूही निघे आणि सरकारला त्या भांड्यात महसूल दिसला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या मोडून उत्पादन उरणसारख्या मोजक्या ठिकाणी, अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आणलं गेलं. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाब्याकडे मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावरच निर्बंध आले. फूल झाडाचं, झाड दारातलं, आणि गुन्हा टोपलीत!

गगनबावडा तेव्हा कोल्हापूर संस्थानात होता, ‘आज्ञापत्र’ लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी दारूबंदीचा कायदा लागू झाला. त्याच्या ६५ व्या कलमात दारू गाळण्यासाठी भट्टी किंवा साधनं नुसती जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. हेतू महत्त्वाचा, म्हणून माझं तेलाचं यंत्र त्यात बसत नाही. त्यात दारू गाळायचा विचारही मी करत नाही. कायदा आहेच, शिवाय अल्कोहोलची वाफ गॅसच्या ज्योतीपर्यंत पोचली तर पेट घेते, आणि स्वयंपाकघरात ज्योत हातभर अंतरावर असते.

कायद्याने दारू थांबली नाही. थांबलं ते भट्टी उजेडात, पाण्याकाठी, सावकाश चालवणं. लपवायची भट्टी रात्री लागते, जाळ मोठा असतो, मिळेल ते पिंप हंडा होतं, आणि धाड येईल या भीतीने कोणी थांबून सांधे तपासत नाही. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक माणसं मेली, तेव्हा अनेकांनी ते भट्टीवर चुकीचं गाळल्यामुळे झालं असं धरून चाललं. ते विष मिथेनॉलचं होतं, कारखान्यात लागणारं, बाहेरून आणून मिसळलेलं. ते प्यायलेल्यांना आपल्या पेल्यात काय आहे आणि ते कुठून आलं हे कळायचा मार्ग नव्हता.

करूळ घाट उतरून सिंधुदुर्गातून दक्षिणेला गेलं की गोवा लागतो. तिथे मार्च ते मे काजूच्या बागांत भाट्या उघड्यावर पेटतात. बागांचे लिलाव होतात, सरकार परवाने देतं, पहिल्या धारेचा उर्राक आणि पुन्हा गाळलेली फेणी कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच जागी काढतात, आणि २००९ पासून काजू फेणीला भौगोलिक मानांकनही आहे. अलीकडच्या सिंधुदुर्गातही तीच झाडं आहेत आणि तेच बोंडू. इथे बहुतेक ठिकाणी बी पिरगळून घेतात आणि बोंडू झाडाखाली टाकून देतात. मे महिन्यात वैभववाडीकडून येताना त्यांचा आंबूस वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी येतो.