उदयनगरच्या सिस्टर आणि एक राखी



आपल्या नावासाठी लोक निंदा करतील, छळ करतील, खोटे आळ घेतील, तरी आनंद माना, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगून ठेवले आहे (मत्तय ५). वाचायला हे सोपे आहे. पण आळ आपल्यावर आला की मनात आधी परतफेडच येते. म्हणून दर २५ फेब्रुवारीला आम्ही इंदूरकर धन्य सिस्टर राणी मारिया यांची आठवण करतो.

त्यांचा जन्म १९५४ साली केरळमध्ये झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या या भगिनी १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातील उदयनगरला आल्या. तिथले गरीब आदिवासी सावकारांच्या कर्जात अडकले होते. सिस्टरांनी त्यांना बचत शिकवली, बँकेची व सरकारी योजनांची वाट दाखवली, हक्काची मजुरी मागायला शिकवले. सावकारांचे नुकसान होऊ लागले. मग ही बाई धर्मांतर करते, असा आळ उठला. तरी सिस्टरांनी काम सोडले नाही.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरला निघाल्या होत्या. वाटेत नाचनबोरच्या घाटात समुंदर सिंह याने त्यांच्यावर सुरीने वार केले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. शेवटपर्यंत त्यांच्या ओठांवर येशूचे नाव होते.

समुंदर सिंहला जन्मठेप झाली. बायको सोडून गेली, मनात सूड धुमसत राहिला. स्वामी सदानंद नावाचे ख्रिस्ती धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले. २००२ मध्ये सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे या कुटुंबाच्या संमतीने त्याच्या सुटकेचा अर्ज झाला व २००६ मध्ये तो सुटला. केरळला जाऊन त्याने क्षमा मागितली, तेव्हा सिस्टरांच्या आईने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच सिस्टरांना धन्य घोषित करण्यात आले.

हत्या आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे गेली, हे आपण विसरू नये. क्षमेला वेळ लागतो. त्या वेळात प्रार्थना चालू ठेवायची असते. क्षमा म्हणजे आळ कबूल करणे नव्हे. पौलानेही आपल्यावरचे आरोप नाकारून कैसराकडे दाद मागितली होती (प्रेषितांची कृत्ये २५). खरे ते ठामपणे सांगावे, कायद्याची वाट धरावी, हातातले सेवेचे काम चालू ठेवावे; मनात मात्र वैर ठेवू नये.

आज कामाच्या ठिकाणी, शेजारात, कधी मंडळीतही आपल्यावर खोटे बोलले जाते. त्या माणसाचे नाव आज रात्रीच्या प्रार्थनेत घेऊ या. सुरुवात तिथूनच होते.

हे प्रभू, आमचा छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.