दुसरे पारडे

1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. अनेकांना सरकारी बिऱ्हाडे मिळाली ती तलावांच्या दक्षिणेस, तात्या टोपे यांच्या नावाने वसलेल्या नगरात. त्या योगायोगाचे मोल पुढे कळले. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला, तेव्हा वाऱ्याने तो जुन्या शहराकडे नेला. जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्या गुदमरल्या. आमच्यापैकी अनेकांची घरे वाचली. शहराच्या 56 प्रभागांपैकी 36 गॅसबाधित ठरले.

1985 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सुमारे 80 हजार बाधितांची दीर्घकालीन पाहणी हाती घेतली. तुलनेसाठी अबाधित वस्त्यांतील सुमारे 16 हजार रहिवासीही निवडले. साथरोगशास्त्राचा काटा या दुसऱ्या पारड्यावाचून चालत नाही. बाधितांपैकी किती दगावले, एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही. ज्यांना झळ लागली नाही त्यांच्यात किती दगावले, हा आकडा शेजारी मांडावा लागतो. परिषदेने 1994 मध्ये हे काम थांबविले. पुढे राज्य शासनाच्या केंद्राने पाहणी चालू ठेवली, तरी तिचा पहिला जोर राहिला नाही.

पारडी पुन्हा मांडण्याची वेळ 2020 मध्ये आली. कोरोनाचा विषाणू शरीरात शिरताना भेद करीत नाही; परंतु ज्या फुप्फुसांची शक्ती छत्तीस वर्षांपूर्वीच खचली होती, त्यांना तो दुष्काळातला तेरावा महिना ठरला. त्यातच गॅसपीडितांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वये उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय मार्चमध्ये केवळ कोविडसाठी राखून ठेवण्यात आले आणि नेहमीचे रुग्ण दाराबाहेर राहिले. एप्रिलच्या मध्यास तो आदेश मागे घेतला गेला. तोवर शहरात नोंदले गेलेले कोविडचे पहिले पाचही मृत्यू गॅसपीडितांचे होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात शासनाने भोपाळच्या कोविडमृतांत 102 गॅसपीडित असल्याचे सांगितले. पीडितांच्या संघटनांनी 254 सांगितले. दोन्ही आकडे एकाच शहराचे, एकाच साथीचे. मृत्यूच्या नोंदीत आजाराचे नाव येते. मृताने 1984 ची ती रात्र कोठे काढली, हे त्यात आपोआप उमटत नाही. ते कोणीतरी विचारावे लागते आणि विचारणारा बदलला की आकडाही बदलतो.

येथे आम्हास आपल्या समाजाविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात. आपण वाचलो, म्हणून हा विषय आपला नाही, अशी समजूत आपल्या बैठकींतून आम्ही वारंवार ऐकली आहे; क्वचित स्वतःही बोलून गेलो आहोत. परंतु वाचलेल्यांचे आरोग्य ठाऊक असल्यावाचून पीडितांची हानी सिद्ध होत नाही. आपण या इतिहासाचे प्रेक्षक नसून त्याचे दुसरे पारडे आहोत. त्या रात्री आपण कोणत्या मोहल्ल्यात होतो, पुढे कोणते आजार जडले, कोण कशाने गेले, हे प्रत्येक जुन्या घराने आपल्या वहीत लिहून ठेवावे. वंशावळी आपण सात पिढ्यांच्या जपतो. त्याच वहीत ही चार पाने सहज मावतील.