गीसेनची रसायनशाळा

कोणत्याहि कॉलेजच्या रसायनशाळेंत पाऊल टाकलें, तर लांब टेबलें आणि त्यांपुढें उभे राहून काम करणारे विद्यार्थी दिसतात. हें दृश्य इतकें अंगवळणी पडलें आहे कीं, तें कोणी तरी प्रथम घडवून आणलें असेल हा विचारहि आपल्या मनांत येत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं विद्यापीठांतील रसायन हें बहुधा ऐकावयाचें शास्त्र होतें. प्रयोग गुरूनें करावा, शिष्यांनीं तो बाकांवरून पाहावा. स्वतःच्या हातानें कांहीं करण्याची हौस असेल, तर एखाद्या थोर रसायनज्ञाची मर्जी संपादून त्याच्या खाजगी खोलींत शिरकाव करून घ्यावा लागे.

युस्टुस लीबिग हा जर्मन तरुण पॅरिसमध्यें गे-ल्युसाक यांच्याकडे असाच शिरला होता. पुढें हुंबोल्ट यांच्या शिफारशीनें १८२४ सालीं गीसेनच्या लहानशा विद्यापीठांत त्याची नेमणूक झाली. वय अवघें २१ वर्षांचें. ओस पडलेल्या लष्करी बराकीच्या आवारांत, पहारेकऱ्यांच्या जागेंत, त्यानें आपलें बस्तान मांडलें. औषधें बनविणारांना शिकविण्यासाठीं संस्था काढावी, अशी विनंती त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं विद्यापीठास केली. परंतु असले धंदेवाईक तयार करणें हें विद्यापीठाचें काम नव्हे, असें उत्तर मिळालें. म्हणून ती शाळा प्रथम खाजगी म्हणूनच चालली. हाताच्या कामाला विद्येच्या पंक्तींतून उठविण्याची खोड केवळ आपलीच आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें उत्तर ध्यानांत ठेवावें.

सेंद्रिय पदार्थांत कार्बन किती व हायड्रोजन किती, हें काढणें त्या काळीं मोठें जिकिरीचें होतें. निघालेल्या वायूचें आकारमान मोजावें लागे, आणि तें निष्णातालाच साधे. १८३१ सालीं लीबिगनें पांच कांचगोलकांचें एक साधें उपकरण प्रसिद्ध केलें. पदार्थ तांब्याच्या ऑक्साइडबरोबर जाळावयाचा. पाण्याची वाफ कॅल्शियम क्लोराइडच्या नळींत अडवावयाची आणि कार्बन डायॉक्साइड गोलकांतील पोटॅशच्या द्रावणांत मुरवावयाचा. नळी व गोलक आधीं तोलावे, नंतर तोलावे. पुढें उरतें तें त्रैराशिक. माझ्या मतें गीसेनचें खरें रहस्य येथेंच आहे. जें काम एका बुद्धिमंताला साधत होतें, तें आतां मन लावून काम करणाऱ्या कोणत्याहि विद्यार्थ्याच्या आटोक्यांत आलें, आणि म्हणूनच रसायनाचा वर्ग भरविणें शक्य झालें.

नवख्यानें प्रथम अज्ञात पदार्थ ओळखावे, मग त्यांतील घटकांचें मापन करावें, मग नवे पदार्थ तयार करावे. एवढें पचल्यावर त्याला संशोधनाचा प्रश्न मिळे. काल काय केलें व आज काय करावयाचें, हें त्यानें रोज सकाळीं सांगावें. लीबिगनें मत द्यावें, वाट मात्र ज्याची त्यानें शोधावी. आज ज्यांना पदवीपूर्व व पदव्युत्तर म्हणतात, ते दोन्ही वर्ग एकाच छपराखालीं नांदत. धाकट्यांना थोरल्यांचें काम नुसतें दिसत राहणें हाहि पाठच असतो, हें कोणीहि अनुभवी मास्तर सांगेल. लीबिग स्वभावानें तापट होता आणि वादांत त्याची लेखणी फार बोचे. तरीहि परदेशांतून विद्यार्थी येतच राहिले.

त्याचा शिष्य हॉफमन १८४५ सालीं लंडनच्या नव्या रसायन कॉलेजावर गेला. तेथील त्याचा १८ वर्षांचा विद्यार्थी पर्किन याला १८५६ सालीं सुटींत, क्विनाइन करूं जातां, जांभळा रंग सांपडला. दुसरा शिष्य केकुले. हा गीसेनला खरें म्हणजे वास्तुकला शिकावयास आला होता. केकुलेजवळ बायर शिकला, बायरजवळ त्या रंगवाल्या पर्किनचा मुलगा, धाकट्या पर्किनजवळ रॉबिन्सन, आणि मँचेस्टरला रॉबिन्सन यांच्या हाताखालीं आपले डॉ. वेंकटरामन. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं काढलेल्या रासायनिक तंत्रशास्त्राच्या विभागाचीं सूत्रें १९३८ सालीं त्यांच्या हातीं आलीं. गिरण्यांच्या या शहरांत त्यांनीं विषय शिकविला तो रंगांच्या रसायनाचाच. आणि १९५७ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले.