अ-हर्मिशियन पुंजयामिकी व सममितिभंग : एका अटीचा इतिहास

शार्ल एर्मीत या फ्रेंच गणितज्ञाने १८५५ मध्ये ज्या आव्यूहांची आयगेनमूल्ये नेहमी सत् असतात असे दाखविले, त्यांना त्याच्याच नावाच्या इंग्रजी रूपावरून हर्मिशियन म्हणतात. पुढे पुंजयामिकीने हीच अट ऊर्जेच्या प्रवर्तकावर, म्हणजे हॅमिल्टोनियनवर घातली. कारण मोजलेली ऊर्जा सदसत् संख्या असून चालत नाही. अट पुरेशी होती. ती आवश्यकही आहे, असे मात्र कोणी सिद्ध केले नव्हते. पाठ्यपुस्तकांनी हा भेद हळूहळू पुसून टाकला. गामोव्हने १९२८ मध्ये अल्फा-क्षयासाठी सदसत् ऊर्जा वापरली, पण ती केवळ वर्णनाची सोय समजली गेली.

१९९८ मध्ये कार्ल बेंडर व श्टेफान बोएटचर यांनी बेसिस यांच्या एका अटकळीचा मागोवा घेतला. स्थितिज ऊर्जेत स्थानांकाचा घन असत् एककाने गुणिलेला असूनही सर्व ऊर्जा सत् येत होत्या. त्यांनी घातांकच बदलता ठेवला. तो २ किंवा अधिक असेतो सर्व आयगेनमूल्ये सत् राहतात; २ च्या खाली ती जोडीजोडीने सदसत् होऊ लागतात आणि १ वर एकही सत् मूल्य उरत नाही. याची सिद्धता डोरी, डनिंग व टाटेओ यांनी २००१ मध्ये दिली. त्याच वर्षी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे जफर अहमद यांनी अशी एक स्थितिज ऊर्जा मांडली की जिच्यात हा उंबरठा बिनचूक सूत्राने लिहिता येतो.

या उंबरठ्याला ‘सममितिभंग’ म्हणतात. शब्द काहीसा फसवा आहे. अवकाशाचे प्रतिबिंबन व कालविपर्यय एकत्र केले असता हॅमिल्टोनियन उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंस अविकृतच राहतो. सममिती गमावतात त्या त्याच्या आयगेन अवस्था. कालविपर्यय प्रतिरैखिक असल्यामुळे क्रमनिरपेक्षता असूनही अवस्था समाईक असतीलच असे नाही.

मुस्तफाजादे यांनी २००२ मध्ये दाखविले की, अभंग क्षेत्रातील असा हॅमिल्टोनियन अंतर्गुणाकार योग्य घेतल्यास हर्मिशियनच्या बरोबरीचा ठरतो. मग नवे ते काय? नवे आहे ते भंगात व त्याच्या सीमेवर, जेथे दोन ऊर्जाच नव्हे तर दोन अवस्थाही एकरूप होतात. काटोने अशा बिंदूंचा विचार १९६६ च्या ग्रंथात केला होता. भौतिकीने तो उशिरा मनावर घेतला.

प्रयोग प्रथम झाले ते प्रकाशावर. २०१० मध्ये शेजारशेजारच्या दोन प्रकाशमार्गांपैकी एकात वाढ व दुसऱ्यात घट राखून भंग पाहण्यात आला. परंतु तो प्रकाश अभिजात होता. खऱ्या पुंज-संहतीत, हिऱ्यातील एकाच इलेक्ट्रॉन-परिवलनावर, तो २०१९ मध्ये दिसला. त्यासाठी शेजारच्या अणुकेंद्राचे परिवलन साहाय्यक म्हणून जोडावे लागले, आणि दोन्ही मिळून झालेली मोठी संहती हर्मिशियनच होती.